ल्युकेमियाच्या उपचारात मुलाचे यकृत कसे जपावे: औषधांच्या परस्परक्रियांविषयी पालकांसाठी मार्गदर्शिका

तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग असून त्याचा उपचार साधारणपणे दोन ते तीन वर्षे चालतो. या काळात मुलाला केमोथेरपीची औषधे तर द्यावी लागतातच, पण त्यांच्या जोडीने जंतुसंसर्ग टाळण्याची, बुरशीची, उलटीची, आम्लपित्ताची, वेदनेची आणि कधी झटक्यांचीही औषधे द्यावी लागतात. यांपैकी बऱ्याच औषधांचे विघटन यकृतातच होते. म्हणून एखादे औषध यकृताला थेट इजा करते, एखादे दुसऱ्या औषधाचा निचरा रोखून त्याची रक्तातील पातळी वाढवते, तर एखादे यकृतातील विकरांचा (एन्झाइमांचा) वेग वाढवून केमोथेरपीचा परिणामच कमी करते. मुख्य औषधांवर कर्करोगतज्ज्ञांची नजर असते. सर्दीसाठी घेतलेले सिरप, दाताच्या दुखण्यावरची गोळी किंवा नातेवाइकांनी आग्रहाने दिलेले काढ्याचे चूर्ण मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. मुलाच्या पोटात जाणारे प्रत्येक औषध पाहणारे लोक घरातलेच असतात, आणि म्हणूनच या बाबतीत पालकांचे काम डॉक्टरांच्या कामाइतकेच महत्त्वाचे आहे.

सर्व औषधांची एकच यादी ठेवा

एका वहीत किंवा फोनमध्ये मुलाच्या सर्व औषधांची यादी ठेवावी आणि ती एकाच व्यक्तीने अद्ययावत करावी. प्रत्येक नोंदीत औषधाचे मूळ रासायनिक नाव असावे, केवळ कंपनीचे नाव नव्हे, कारण एकच औषध अनेक नावांनी विकले जाते आणि दोन वेगळ्या बाटल्यांत तेच औषध असू शकते. मात्रा चमच्यात किंवा गोळ्यांच्या संख्येत न लिहिता मिलिग्रॅममध्ये लिहावी. औषध रोज घ्यायचे आहे की आठवड्यातून ठरावीक दिवशी, ते कधी सुरू झाले, कधी थांबले आणि कोणी सांगितले, हेही लिहावे. जीवनसत्त्वे, टॉनिके, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिक औषधे तसेच दुकानातून परस्पर आणलेली औषधे यादीत असलीच पाहिजेत. ही औषधे घेतल्याबद्दल कोणी रागावेल या भीतीने ती लपवणे हे औषध घेण्यापेक्षाही अधिक धोक्याचे ठरते.

यादीच्या वरच्या भागात मुलाचे सध्याचे वजन, औषधांची ॲलर्जी आणि टीपीएमटी व एनयूडीटी१५ या जनुकांची चाचणी झाली असल्यास तिचा निष्कर्ष लिहावा. ज्या मुलांमध्ये या जनुकांचे काही विशिष्ट प्रकार असतात त्यांच्या शरीरात ६-मर्कॅप्टोप्युरीन या केमोथेरपीच्या औषधाचा निचरा नीट होत नाही, त्यामुळे नेहमीची मात्राही त्यांच्या अस्थिमज्जेला, म्हणजे रक्तपेशी तयार करणाऱ्या हाडांतील गराला, झेपत नाही. एनयूडीटी१५ मधील असे बदल आशियाई वंशाच्या लोकांमध्ये तुलनेने अधिक आढळतात. यादी प्रत्येक भेटीत दाखवावी, आणि दंतवैद्य, त्वचातज्ज्ञ किंवा जवळचे फॅमिली डॉक्टर यांच्याकडे जातानाही सोबत न्यावी. नवीन औषध कोणीही लिहून दिले तरी पहिला डोस देण्यापूर्वी कर्करोग विभागाला विचारण्याचा नियम घरात पक्का करावा.

मेथोट्रेक्सेट: आठवड्यातून एकदा घ्यायचे औषध

उपचाराच्या शेवटच्या आणि सर्वांत दीर्घ टप्प्यात, ज्याला मेंटेनन्स म्हणतात, मुलाला सहसा रोज ६-मर्कॅप्टोप्युरीन आणि आठवड्यातून एकदा तोंडाने मेथोट्रेक्सेट दिले जाते. साप्ताहिक मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिले जाण्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांत रुग्ण दगावलेही आहेत. त्यामुळे आठवड्याचा वार ठरवून तो यादीवर, कॅलेंडरवर आणि औषधाच्या खोक्यावर ठळक लिहावा. गोळीची शक्तीही दर वेळी तपासावी. समजा, मुलाला आठवड्याला १५ मिलिग्रॅम सांगितले आहे आणि घरी २.५ मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या देण्याची सवय झाली आहे. एखाद्या महिन्यात दुकानातून त्याच नावाच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या आल्या आणि सवयीने सहाच दिल्या, तर मुलाच्या पोटात ६० मिलिग्रॅम जातात. पट्टीचा रंग, गोळीचा आकार किंवा खोके वेगळे दिसले की तिथेच थांबावे आणि आकडा वाचावा.

मेथोट्रेक्सेट मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. हा निचरा मंदावला तर औषध रक्तात रेंगाळते आणि तोंडातील त्वचा, अस्थिमज्जा, मूत्रपिंड व यकृत यांना इजा करते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके, ओमेप्राझोल व पँटोप्राझोल यांसारखी आम्लपित्ताची औषधे आणि ॲमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातील प्रतिजैविके हा निचरा मंदावू शकतात. रुग्णालयात शिरेतून मोठ्या मात्रेचे मेथोट्रेक्सेट दिले जाते तेव्हा हा प्रश्न सर्वाधिक गंभीर असतो. त्या वेळी भरपूर सलाईन दिले जाते, लघवी अल्कधर्मी ठेवली जाते, रक्तातील पातळी पुन्हापुन्हा मोजली जाते आणि ल्युकोव्होरिन नावाचे संरक्षक औषध ठरावीक वेळी दिले जाते. ल्युकोव्होरिनचा एकही डोस उशिरा होऊ देऊ नये. मात्र घरी स्वतःच्या मनाने फॉलिक ॲसिडच्या गोळ्या किंवा फॉलिक ॲसिड असलेले टॉनिक सुरू करू नये, कारण त्याने मेथोट्रेक्सेटचा कर्करोगावरील परिणाम कमी होऊ शकतो. दाखल होण्यापूर्वीच्या आठवड्यात घेतलेले प्रत्येक औषध, अगदी आम्लपित्ताची एखादी गोळीसुद्धा, प्रवेशाच्या दिवशी डॉक्टरांना सांगावे.

को-ट्रायमॉक्सॅझोल हे औषध इथे पालकांना गोंधळात टाकते. न्यूमोसिस्टिस नावाच्या घातक न्यूमोनियापासून बचावासाठी ते उपचाराच्या बहुतेक काळात दिले जाते, बहुधा आठवड्यातील दोन-तीन दिवस. तेही मेथोट्रेक्सेटची विषारीता वाढवू शकते, म्हणून मोठ्या मात्रेच्या मेथोट्रेक्सेटच्या वेळी बरेच विभाग ते थांबवतात. पण हे कधी थांबवायचे आणि कधी पुन्हा सुरू करायचे, हे विभागानेच ठरवायचे असते. घरच्या घरी ते बंद केल्यास मुलाला फुप्फुसाच्या गंभीर संसर्गाचा धोका पत्करावा लागतो.

६-मर्कॅप्टोप्युरीन आणि ॲलोप्युरिनॉल

औषधांच्या परस्परक्रिया किती जुन्या आणि किती महत्त्वाच्या आहेत हे या जोडीवरून कळते. ६-मर्कॅप्टोप्युरीन हे गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी शोधलेले औषध १९५३ मध्ये अमेरिकेत ल्युकेमियासाठी मंजूर झाले. पुढे त्याच गटाने ॲलोप्युरिनॉलचा अभ्यास सुरू केला तो याच हेतूने की त्यामुळे मर्कॅप्टोप्युरीनचे शरीरातील विघटन रोखले जाऊन त्याचा परिणाम वाढेल. ॲलोप्युरिनॉल पुढे गाउटचे (युरिक ॲसिड वाढून होणाऱ्या सांधेदुखीचे) औषध म्हणून प्रसिद्ध झाले आणि या दोघा शास्त्रज्ञांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आजही ल्युकेमियाच्या उपचाराच्या सुरुवातीला, पेशी झपाट्याने नष्ट होताना युरिक ॲसिड वाढू नये म्हणून, ॲलोप्युरिनॉल दिले जाते. ते मर्कॅप्टोप्युरीनसोबत चुकून चालू राहिले तर मर्कॅप्टोप्युरीनची रक्तातील पातळी कित्येक पटींनी वाढते आणि अस्थिमज्जा निकामी होण्यापर्यंत वेळ जाते. म्हणूनच दोन्ही एकत्र द्यावीच लागली तर मर्कॅप्टोप्युरीनची मात्रा एक-तृतीयांश ते एक-चतुर्थांशापर्यंत कमी केली जाते. सुरुवातीच्या महिन्यातले ॲलोप्युरिनॉल संपले की ते यादीतून आणि कपाटातूनही काढून टाकावे.

याच परस्परक्रियेचा तज्ज्ञ कधी जाणीवपूर्वक उपयोगही करतात. मर्कॅप्टोप्युरीनचे शरीरात वेगवेगळ्या पदार्थांत रूपांतर होते. त्यांतील थायोग्वानिन न्यूक्लिओटाइड हे कर्करोगाविरुद्ध काम करतात, तर मिथाइलयुक्त पदार्थांचे प्रमाण वाढले की यकृताच्या विकरांची पातळी चढते. काही मुलांमध्ये हे मिथाइलीकरण जास्तच होते. अशा वेळी रक्तातील या पदार्थांची पातळी मोजून डॉक्टर मात्रा दिवसात विभागून देतात किंवा मर्कॅप्टोप्युरीनची मात्रा मोठ्या प्रमाणात घटवून त्यासोबत थोडे ॲलोप्युरिनॉल देतात. हा निर्णय सतत रक्ततपासणी करू शकणाऱ्या तज्ज्ञाचाच असतो, आणि दुसऱ्या मुलाला असे दिले म्हणून आपल्या मुलाला तसे देण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

बुरशीची, झटक्यांची आणि क्षयाची औषधे

फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल आणि पोसाकोनाझोल ही बुरशीविरोधी औषधे यकृतातील सीवायपी३ए४ नावाचे विकर कमी-अधिक प्रमाणात दाबतात. व्हिन्क्रिस्टीन या केमोथेरपीच्या इंजेक्शनचे विघटन याच विकरामुळे होते. म्हणून ही औषधे एकत्र आली, विशेषतः शेवटची तीन, तर व्हिन्क्रिस्टीन अधिक काळ शरीरात राहते आणि नसांना इजा करते. कित्येक दिवस शौचाला न होणे, जबडा दुखणे, पाय उचलताना पंजा लोंबणे, रक्तातील सोडियम घसरणे आणि झटके येणे ही त्याची लक्षणे आहेत. शिवाय ही औषधे स्वतःही यकृताच्या विकरांची पातळी वाढवतात, आणि पित्ताचा निचरा अडून बिलिरुबिन (पित्तातील पिवळे रंगद्रव्य) वाढले तर व्हिन्क्रिस्टीन व डाउनोरुबिसिन या केमोथेरपीच्या औषधांची मात्राच कमी करावी लागते. त्यामुळे व्हिन्क्रिस्टीनच्या प्रत्येक इंजेक्शनपूर्वी ‘सध्या बुरशीचे औषध चालू आहे’ हे पालकांनी आपणहून सांगावे. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकेही हेच विकर दाबतात, म्हणून साध्या घशाच्या दुखण्यासाठी ती कोणी लिहून दिली तर आधी विचारावे.

फेनिटॉइन, फेनोबार्बिटल आणि कार्बामाझेपिन ही झटक्यांची जुनी औषधे याच्या नेमके उलट करतात. ती विकरांना चालना देतात, केमोथेरपीची अनेक औषधे वेगाने संपवतात आणि त्यामुळे ल्युकेमियावरचा उपचार कमकुवत पडतो. व्हॅल्प्रोएट स्वतःच यकृताला घातक ठरू शकते. झटके आल्यास लेव्हेटिरासिटामसारखे, यकृताच्या विकरांवर फारसा परिणाम न करणारे औषध चालेल का, हा प्रश्न मेंदूविकारतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ या दोघांसमोर मांडावा. क्षयरोगाच्या उपचारात आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृतावर ताण आणतात, आणि त्यांपैकी रिफॅम्पिसिन विकरांना जोरदार चालनाही देते. मुलाला दोन्ही आजारांचे उपचार एकाच वेळी घ्यावे लागले तर दोन्ही विभागांनी एकमेकांशी बोललेच पाहिजे, आणि ते बोलले की नाही हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

पॅरासिटामॉल: मोजूनच द्या, पण आधी ताप मोजा

योग्य मात्रेत पॅरासिटामॉल हे सुरक्षित औषध आहे, पण जास्त मात्रेत ते यकृत निकामी करते. त्याच्या विघटनात तयार होणारा विषारी पदार्थ ग्लुटाथायोनमुळे निष्प्रभ होतो, आणि अशक्त, उपाशी किंवा वारंवार उलट्या होणाऱ्या मुलात ग्लुटाथायोनचा साठाच कमी असतो. एका वेळची मात्रा वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असते, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा देऊ नयेत.

सोळा किलो वजनाच्या मुलाचे उदाहरण घेऊ. त्याची मोठ्यात मोठी मात्रा २४० मिलिग्रॅम. दर ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेले सिरप असेल तर ती १० मिलिलिटरमध्ये बसते. दर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून तेच १० मिलिलिटर दिले तर मुलाला ५०० मिलिग्रॅम मिळतात, म्हणजे दुपटीहून जास्त. तान्ह्या मुलांच्या थेंबांमध्ये तर औषध त्याहून दाट असते. त्यात सर्दी-खोकल्याच्या अनेक मिश्र सिरपांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असते. तापाचे सिरप आणि सर्दीचे सिरप दोन्ही देणारी आई नकळत दुप्पट मात्रा देत असते. म्हणून मिश्र सिरपे या काळात घरातच ठेवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे ताप दाबण्याआधी तो मोजणे. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलात ताप हे रक्तातील जंतुसंसर्गाचे एकमेव लक्षण असू शकते आणि त्यासाठी तातडीने शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात. तापमान ३८ अंश सेल्सिअस किंवा विभागाने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत गेले की आधी विभागाला फोन करावा आणि मग त्यांच्या सांगण्यानुसार पॅरासिटामॉल द्यावे. गुदद्वारातून तापमान घेऊ नये आणि त्या वाटेने औषधही देऊ नये.

वनस्पतिजन्य औषधे

‘नैसर्गिक आहे, काय होणार’ या विचाराने दिलेली औषधेच कधीकधी यकृताला इजा करतात. ग्रीन टीचा अर्क, अश्वगंधा, गुळवेल आणि मिरीच्या अर्कासह दिलेल्या हळदीच्या गोळ्या यांमुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती विकरांना चालना देऊन केमोथेरपी कमकुवत करते. धातूंची भस्मे असलेली औषधे तर या काळात कटाक्षाने टाळावीत. ‘लिव्हर टॉनिक’ ही कल्पना पालकांना फार आधार देणारी वाटते, हे मी समजू शकतो. पण अशा टॉनिकात काय आणि किती आहे हे नक्की ठाऊक नसते, आणि पुढे रक्ततपासणीत एसजीपीटी हे यकृताचे विकर वाढलेले दिसले तर ते केमोथेरपीमुळे की टॉनिकमुळे हे डॉक्टरांनाही ठरवता येत नाही. त्यातून केमोथेरपी विनाकारण थांबते, आणि त्याची किंमत मुलालाच मोजावी लागते.

तपासणीचा कागद वाचताना

एसजीपीटी, म्हणजेच एएलटी, यकृतपेशींना इजा झाली की वाढते. एसजीओटी स्नायूंतूनही येते, म्हणून एकट्या एसजीओटीवरून निष्कर्ष काढू नये. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढत्या वयात हाडांमुळेही जास्त असते. यकृत खरोखर काम करत आहे की नाही हे बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) यांवरून अधिक कळते. मात्र ॲस्पॅराजिनेज हे केमोथेरपीचे औषध दिल्यानंतर अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारी प्रथिने घसरतात, यकृतात चरबी साठू शकते आणि बिलिरुबिनही चढू शकते. हा त्रास पौगंडावस्थेतील आणि स्थूल मुलांमध्ये अधिक दिसतो. म्हणून तपासणीचा कागद नेहमी आधी कोणते औषध केव्हा दिले याच्या शेजारी ठेवून वाचावा.

मेंटेनन्समध्ये एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या कित्येक पट वाढणे हे नेहमीचे आहे. बिलिरुबिन सामान्य असेल आणि मूल खेळतेखाते असेल तर बऱ्याच उपचारपद्धतींमध्ये औषधे तशीच चालू ठेवली जातात, आणि उपचार संपल्यावर हे आकडे बहुतेकदा पूर्ववत होतात. उलट, आकडा पाहून घाबरून पालकांनी दोन-चार दिवस गोळ्या बंद ठेवल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. मेंटेनन्सच्या गोळ्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी घेणाऱ्या मुलांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण जास्त असल्याचे अभ्यासांतून दिसून आले आहे. एसजीपीटीसोबत बिलिरुबिनही चढू लागले तर मात्र ती वेगळी बाब असते आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलले पाहिजे. फक्त अप्रत्यक्ष बिलिरुबिन थोडे वाढलेले असेल तर गिल्बर्ट सिंड्रोम या निरुपद्रवी आनुवंशिक स्थितीचाही विचार केला जातो.

मोठ्या मात्रेच्या मेथोट्रेक्सेटनंतर पहिल्या काही दिवसांत एसजीपीटी झपाट्याने चढते आणि बहुधा पुढच्या एक-दोन आठवड्यांत उतरते. म्हणून त्या काळातला एकच आकडा पाहून निर्णय न घेता पुढच्या मात्रेपूर्वीचा आकडा महत्त्वाचा मानावा. आकडे अपेक्षेपेक्षा जास्त काळ चढेच राहिले तर हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई तसेच सायटोमेगॅलोव्हायरस यांची तपासणी झाली आहे का, हे विचारावे. सगळा दोष औषधांवर टाकला तर संसर्ग नजरेआड राहतो.

तातडीने दाखवण्याची लक्षणे

डोळे किंवा त्वचा पिवळी पडणे, चहासारखी गडद लघवी, पांढुरकी विष्ठा, थांबत नसलेली उलटी, वाढत जाणारी सुस्ती किंवा बडबड, नाकातून वा हिरड्यांतून रक्त येणे यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. ॲस्पॅराजिनेज चालू असताना पोटात तीव्र, पाठीकडे जाणारे दुखणे आले तर स्वादुपिंडाची सूजही असू शकते. पोटाच्या उजव्या वरच्या भागात दुखणे आणि दोन-तीन दिवसांत एकाएकी वाढलेले वजन, फुगलेले पोट आणि वर चढत नसलेले प्लेटलेट्स हे एकत्र दिसले तर यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडण्याचा, सायनुसॉइडल ऑब्स्ट्रक्शन सिंड्रोमचा, संशय घ्यावा लागतो. हा त्रास ६-थायोग्वानिन किंवा इनोट्युझुमॅब यांसारख्या औषधांनंतर आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर विशेषकरून आढळतो. अशा मुलांचे वजन रोज सकाळी, एकाच काट्यावर, लघवी झाल्यावर आणि तितक्याच कपड्यांत मोजावे, कारण पोट फुगलेले नजरेला दिसण्याआधी काट्यावर वजन चढलेले असते.

रुग्णालयात जाताना यादीसोबत गेल्या चोवीस तासांत दिलेल्या औषधांच्या वेळा लिहून न्याव्यात आणि शक्य असल्यास बाटल्या व पट्ट्याही न्याव्यात. पॅरासिटामॉल किंवा इतर कोणतेही औषध जास्त गेल्याची शंका आली तर मूल ठीक दिसत असले तरी लगेच निघावे. पॅरासिटामॉलवर एन-ॲसिटिलसिस्टीन हे उतारा देणारे औषध आहे, पण ते पहिल्या आठ तासांत दिले तरच सर्वाधिक उपयोगी पडते.